परमुलखांतलें बारसें

पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आपल्याकडचा जुना दंडक. सातव्या महिन्यांत मुलीनें माहेरीं यावयाचें, आईच्या हातचें खावयाचें, आणि बाळ दोन-तीन महिन्यांचें झालें कीं सासरच्या माणसांनीं तिला न्यावयास यावयाचें, हा क्रम आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळ जणींनीं स्वतः अनुभवलेला आहे. आतां हा दंडक अनेक घरांतून मोडूं लागला आहे. त्याला मुलीचा हट्ट कारण नाहीं कीं सासरचा मानपान कारण नाहीं. कारण निव्वळ भूगोलाचें आहे. लेक व जांवई हॉलंडांत, व्याही नाशकास आणि आपण पुण्यास, अशी ज्या घराची मांडणी झाली तेथें मुलीनें येऊन-जाऊन करावें तरी किती? गर्भारपणाचे शेवटचे आठवडे लागले कीं विमान-कंपन्याही तिला घेण्यास का-कूं करतात. तेव्हां बाळ तिकडेच जन्मतें, आणि इकडे आजीच्या जिवाची उलघाल सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एका घरीं नुकताच हा प्रसंग आला. मुलगा व सून आयंडहोवन शहरीं असतात. फिलिप्स कंपनी १८९१ सालीं याच गांवीं निघाली, आणि विजेच्या सूक्ष्म तुकड्यांवर, म्हणजे चिपांवर, नक्षी उठविणारीं प्रचंड यंत्रें करणारी एएसएमएल ही कंपनी शेजारच्या फेल्डहोवन येथें आहे. त्यामुळें आपल्याकडच्या इंजिनियरांची तिकडे बरीच वस्ती झाली आहे. या दांपत्याला मुलगी झाली. दूरध्वनीवर आनंदीआनंद झाला आणि तिसऱ्याच वाक्याला वाद लागला. आजीबाईंचें म्हणणें असें कीं, बारसें तिकडे करूं नका. आत्या नाहीं, आजी नाहीं, टांगता पाळणा नाहीं, मग तें बारसें कसलें? दिवाळीला या, येथें थाटानें करूं. मुलाचें म्हणणें, मित्रमंडळी बाराव्या दिवशीं येणारच आहेत, त्यांना नको कसें म्हणावें? आजीबाईंनीं आमचें मत विचारलें. बारसें तेथेंच, बाराव्या दिवशींच आणि मित्रमंडळींतच व्हावें, असें आम्हीं सांगितलें. तें त्यांना रुचलें नाहीं. परंतु अशा आज्या आज घरोघर आहेत, म्हणून आमचीं कारणें येथें जरा विस्तारानें देत आहों.

आजीबाईंची पहिली भीति, सुनेजवळ आहे कोण? या बाबतींत हॉलंडची व्यवस्था इतर श्रीमंत देशांहूनही निराळी आहे, आणि ती ठाऊक असली तर इकडल्या माणसांची निम्मी काळजी जाते. प्रसूति सुरळीत झाली तर तेथें कित्येक वेळां बाई कांहीं तासांतच इस्पितळांतून घरीं येते. घरींच प्रसूत होणाऱ्या बायकाही त्या देशांत अद्याप आहेत. १९६० च्या सुमारास तर बहुतेक जन्म घरींच होत असत. पण घरीं आलेली बाळंतीण वाऱ्यावर सोडलेली नसते. 'क्रामझोर्ख' म्हणून एक सेवा आहे. तिची शिकलेली परिचारिका पहिले आठ-दहा दिवस रोज घरीं येते. या दिवसांत मिळून साधारण ४९ तास ही तिची नेहमींची हजेरी; गरजेप्रमाणें ती कमींत कमी २४ तास व जास्तींत जास्त ८० तास होऊं शकते. सर्वांना सक्तीच्या असलेल्या आरोग्य-विम्यांतच तिची सोय आहे, घरच्यांना तासामागें थोडी रक्कम काय ती भरावी लागते. मात्र तिची मागणी गर्भारपणाच्या आरंभींच नोंदवून ठेवावी लागते, हें नव्यानें गेलेल्या मंडळींना पुष्कळदां उशिरां कळतें. ही बाई बाळाला आंघोळ कशी घालावी हें बापाला शिकविते, बाळाचें वजन व अंगाची ऊब वहींत टिपून ठेवते, बाळंतिणीचे टांके पाहते, पाजण्यास बसविते, चहा करून देते, आणि पाहुणे फार वेळ रेंगाळले तर त्यांना गोड शब्दांत वाटेस लावते. हें शेवटचें काम आपल्याकडे अद्याप कोणालाच साधलेलें नाहीं!

ती येण्यापूर्वीं घरांत एक तयारी करावी लागते. ती ऐकून आमच्या वृद्ध वाचकभगिनींना आपल्या बाजेची आठवण होईल. बाळंतिणीचा पलंग ठोकळ्यांवर चढवून उंच करावयाचा, म्हणजे परिचारिकेला व सुइणीला वांकून पाठ मोडून घ्यावी लागत नाहीं. आणि बाळाचा बिछाना उबदार करण्यासाठीं गरम पाण्याच्या धातूच्या दोन बाटल्या आणून ठेवावयाच्या. आपल्याकडे बाज आणि तिच्याखालीं शेगडी; तिकडे ठोकळे आणि बाटल्या. हेतु थोडे निराळे, पण घरांतली धांदल तीच. कोळशाचा धूर तेवढा तिकडे नाहीं, हें उत्तमच आहे. बंद खोलींत तो जिवावर बेततो.

आतां तोंड गोड करण्याची गोष्ट. बाळ पाहण्यास येणाऱ्याला डच घरांत पेढा मिळत नाहीं. गोल, खुसखुशीत टोस्ट मिळतो, त्यावर लोणी, आणि लोण्यावर साखरेंत घोळलेले बारीक दाणे. या दाण्यांना 'मौशेस' म्हणजे छोटे उंदीर म्हणतात, कारण दाण्याला राहिलेलें देंठ शेपटीसारखें दिसतें. आंतला दाणा अ‍ॅनिसचा, म्हणजे आपल्या बडीशेपेच्या जवळच्या नात्याचा. तो खाल्ल्यानें बाळंतिणीला दूध येतें, अशी तिकडच्या जुन्या बायकांची समजूत. आपल्या आज्या जेवण झालें कीं बाळंतिणीच्या हातावर बाळंतशेप व ओवा ठेवीत, त्यामागें हीच समजूत नव्हती काय? ओवा, बडीशेप, बाळंतशेप, अ‍ॅनिस हीं सर्व एकाच वनस्पतिकुळांतलीं. एकमेकींचें नांवही न ऐकलेल्या दोन देशांच्या आज्या एकाच कुळाच्या दाण्यापाशीं येऊन पोंचल्या, हें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. (वैद्यकशास्त्राला या दाण्यांचा पक्का पुरावा अद्याप मिळालेला नाहीं. दूध वाढतें तें मुख्यतः बाळाला वारंवार पाजल्यानें. तथापि मूठभर बडीशेपेनें कोणाचें वाईट झाल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.)

हे दाणे मुलगी झाली तर गुलाबी व पांढरे, मुलगा झाला तर निळे व पांढरे. गुलाबी जुने आहेत; निळे १९९४ सालीं बाजारांत आले. १९३८ सालीं राजकन्या बिआट्रिक्स जन्मली, जी पुढें १९८० पासून २०१३ पर्यंत त्या देशाची राणी होती, तेव्हां हे दाणे नारिंगी रंगाचे काढले होते, कारण तेथील राजघराण्याच्या नांवांतच नारिंगी आहे. पुढें २००३ सालीं राजकन्या अमालियाच्या जन्माच्या वेळींही तोच रंग निघाला. आपल्याकडे मुलग्याचे पेढे आणि मुलीची बर्फी. रंगाचा भेद असो कीं मिठाईचा, आम्हांस दोन्हींचें कौतुक बेताचेंच आहे. पण एक गोष्ट लक्षांत येते कीं, तिकडे दाण्याचा रंग पालटला तरी टोस्टांची संख्या कमी होत नाहीं. आपल्याकडे मुलीच्या वेळीं बर्फीचा डबाच निघाला नाहीं, अशीं घरें आमच्या वाचकांच्या माहितींतलीं असतील.

आणि येथें आमच्या मताचें खरें कारण येतें. आजीबाईंनीं बारसें लांबणीवर टाकण्यास सांगितलें त्यांत मुलगी झाल्याचा अणुमात्र संबंध नव्हता, याची आम्हांस खात्री आहे. त्या बाईंना आम्ही तीस वर्षें ओळखतों. पण हजारों मैलांवर पलंगावर पडलेल्या सुनेला ती खात्री कोण देणार? बाळंत झाल्यावर तिसऱ्या ते पांचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बायकांना विनाकारण रडूं कोसळतें. डच भाषेंत त्याला एक खास शब्दच आहे. त्याचा अर्थ 'बाळंतपणाचीं आंसवें'. परिचारिका हें आधींच सांगून ठेवते, त्यामुळें नवरा घाबरत नाहीं. आपल्याकडे या आंसवांना नांव नाहीं. "दृष्ट लागली", "वारा लागला" एवढ्यावर भागतें. हें रडूं बहुधा आपोआप ओसरतें. दोन आठवड्यांवर टिकलें, बाईची झोंप व अन्नावरची वासना उडाली, बाळाकडे पाहावेंसें वाटेना, तर मात्र तें डॉक्टरांस सांगितलेंच पाहिजे. तो आजार आहे, स्वभाव नव्हे.

आमच्या परिचयाच्या या सुनेला दहाव्या दिवशीं फार रडूं आलें, असें तिनें पुढें लिहिलें. परिचारिका आठव्या दिवशीं निरोप घेऊन गेली होती. तिकडे बापालाही प्रसूतीनंतर आठवडाभराची भरपगारी रजा मिळते, आणि २०२० च्या जुलैपासून आणखी पांच आठवडे सत्तर टक्के वेतनावर घेतां येतात. त्यामुळें नवरा घरींच होता. तरी घर एकदम रिकामें झालें. पुण्याच्या घरीं रोज दोन वेळां व्हिडिओवर बोलणें होई, पण त्या बोलण्यांत कोणाच्या कांहीं ध्यानीं आलें नाहीं. व्हिडिओवर सगळ्यांना बाळ पाहावयाचें असतें. "जरा इकडे धर, नाक कोणावर गेलें बघूं," असें होतां होतां फोनचा रोख बाळावर राहतो, आणि बाळंतीण चौकटीच्या बाहेर. परिचारिका आठव्या-दहाव्या दिवशीं जाते आणि बारसें बाराव्या दिवशीं येतें. घर रितें झाल्यावर नेमक्या त्याच वेळीं चार बायका दारांत उभ्या राहतात. आपल्या पूर्वजांनीं बारावा दिवस नेमला तो कांहीं डच परिचारिकेचा हिशेब करून नेमला नाहीं. पण आज परदेशांत तो दिवस अशा कामीं येतो, तर तो दिवाळीपर्यंत कां ढकलावा?

शेवटीं बारसें तेथेंच झालें. आजीबाईंनीं परवानगी दिली नाहीं आणि नाकारलीही नाहीं. "तुम्हांला योग्य वाटेल तें करा," एवढेंच म्हणाल्या. मराठी घरांत या वाक्याचा अर्थ काय होतो तें वाचक जाणतातच. भाड्याच्या घराच्या छताला कडी ठोकण्याची सोय नव्हती, म्हणून उसना डच लांकडी पाळणा आणून त्याला जरीच्या साडीचें पांघरूण केलें. बाळाआधीं पाळण्यांत नटवून ठेवावयास वरवंटा हवा. मिक्सरच्या संसारांत तो कोठून असणार? आशियाई जिन्नस विकणाऱ्या दुकानांना तिकडे 'टोको' म्हणतात. हा शब्द इंडोनेशियांतून आलेला, आणि त्या दुकानांत मिरच्या वाटण्याचा इंडोनेशियाई दगडी बत्ता मिळतो. त्या बत्त्याला टोपडें घालून त्याचा मान त्याला दिला. घुगऱ्या केल्या त्या तिकडच्या 'कापुसाइनर' जातीच्या तपकिरी वाटाण्यांच्या. आलेल्या सात-आठ जणींत दोघी नागपूरकडच्या, एक बंगाली, एक तमिळ, आणि एक शेजारची डच आजी. प्रत्येकीनें एकेका दिवसाचें जेवण आधींच वांटून घेतलें होतें, त्यामुळें पुढला आठवडाभर त्या घरीं चूल पेटविण्याची गरज पडली नाहीं. बाळंतविडा म्हणजे झबलीं-टोपडीं व दुपटीं एवढेंच समजणाऱ्यांनीं हा डब्यांचा बाळंतविडाही ध्यानांत घ्यावा.

आत्या बंगळूरला. तिनें फोनवरून नांव सांगावयाचें आणि एका मैत्रिणीनें तिच्या वतीनें पाळण्याशीं उभें राहावयाचें असें ठरलें. फोन बाळाच्या कानाशीं धरला, पण आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळें जें नांव कानांत गुपचूप सांगावयाचें तें साऱ्या दिवाणखान्यास, पुण्यास व नाशकास एकदमच कळलें. त्यानंतर आत्याच्या पाठीवरचे धपाटे मात्र मैत्रिणीला खावे लागले. शेजारची डच आजी घाबरून विचारूं लागली कीं, या मुलीनें केलें तरी काय? तिला समजावून सांगतां सांगतां बाळंतीण हंसूं लागली. पुण्यास त्या वेळीं दुपारचे अडीच वाजले होते. आजीबाई वामकुक्षी सोडून फोनसमोर बसल्या होत्या, आणि त्या हंसण्याचा आवाज त्यांनींही ऐकला.

मित्र हे नातलगांच्या जागीं कसे चालतील, असा प्रश्न आम्हांस कोणी कोणी विचारतात. नातलगांची जागा ते घेत नाहींत. पण शेजारधर्म म्हणून कांहीं आहेच, आणि तो आपल्यापुरताच नाहीं. हॉलंडच्या पूर्वेस ट्वेंटे नांवाचा भाग आहे. तेथें बाळ जन्मलें कीं शेजारी मिळून बेदाणे घातलेला मीटर-मीटर लांबीचा पाव शिडीवर ठेवून त्या घरीं वाजत-गाजत नेतात. एरवीं डच माणूस वेळ ठरविल्याशिवाय कोणाच्या घरीं जात नाहीं. जन्माची वार्ता देणारें जें छापील कार्ड ते लोक पाठवितात, त्यावरच पुष्कळदां बाळ-बाळंतिणीच्या विश्रांतीची वेळ दिलेली असते. हा शिस्तीचा भाग आपल्या मंडळींनीं जरूर उचलावा. बाळंतिणीच्या खोलींत तीन-तीन तास गप्पा ठोकण्यांत प्रेम असलें तरी तिची झोंप जाते.

त्याच देशांत आपल्या हिंदी लोकांचें एक जुनें उदाहरण आहे. १८७३ सालीं 'लालारुख' नांवाचें जहाज करारबद्ध मजूर घेऊन कलकत्त्याहून दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला पोंचलें. तीं माणसें मुख्यतः बिहार व संयुक्त प्रांत, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडचीं. सुरिनाम २५ नोव्हेंबर १९७५ रोजीं स्वतंत्र झालें, त्या सुमारास त्यांचीं हजारों नातवंडें-पणतवंडें हॉलंडांत येऊन राहिलीं, आणि हेग शहरांत त्यांची मोठी वस्ती आहे. या लोकांनीं बाळाची छठी व बरही, म्हणजे सहावा आणि बारावा दिवस, मळ्यांतल्या कष्टांतही सोडले नाहींत. बोटीवरून उतरतांना त्यांच्याबरोबर आत्या-माम्या कोठून असणार? एकाच जहाजानें आलेले ते जहाजभाऊ, आणि हें नातें सख्ख्या भावासारखें मानलें जाई. आपले इंजिनियर विमानानें जातात, मनास येईल तेव्हां घरीं फोन करतात. त्यांची व त्या मजुरांची तुलना करणें त्या मजुरांवर अन्याय होईल. पण सुंठ, ओवा, गूळ हेगच्या बाजारांत सहज मिळतात याचें श्रेय बरेंचसें त्यांनाच आहे.

जिन्नसांवरून आठवलें. नातीसाठीं जाणाऱ्या आज्यांनीं पेढे, खवा, तुपाची बरणी बरोबर बांधूं नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि विमानतळावर डबा काढून टाकावा लागला म्हणजे जीव हळहळतो. तिकडलें बिनमिठाचें लोणी उत्तम असतें. तें कढवून घरीं तूप करावें आणि डिंकाचे लाडू तेथेंच वळावेत. व्हिसा काढतांना हेंही लक्षांत असावें कीं, पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. म्हणून दोन्ही आज्यांनीं एकदम जाऊन स्वयंपाकघरांत एकमेकींना सल्ले देण्यापेक्षां पाळीपाळीनें जावें, हें सुनेच्या दृष्टीनें अधिक हितावह.

नांवाविषयीं एक व्यवहाराची सूचना राहिली. हॉलंडांत जन्म झाल्यापासून तीन दिवसांत नगरपालिकेंत जाऊन बाळाची नोंद करावी लागते, आणि त्याच वेळीं नांवही द्यावें लागतें. बहुधा बापच जातो. तेव्हां कुंडलीचें अक्षर कोणतें, कुलस्वामिनीचें नांव ठेवावें कीं पणजीचें, हा कुटुंबांतला खल प्रसूतीपूर्वींच संपलेला बरा. तिसऱ्या दिवशीं बाप खिडकीपाशीं उभा असतां त्याच्या फोनवर सहा नांवें येऊन थडकणें बरें नव्हे. बारशाला जाहीर व्हावयाचें नांव आधींच कागदावर गेलें म्हणून कोणी हळहळूं नये. बारशापर्यंत तें घरांतल्या घरांत ठेवतां येतें. तिकडच्या फॉर्मवर आपल्यासारखी बापाच्या नांवाची मधली जागा नसते, याचाही विचार अगोदर करावा. आईबाप दोघेही हिंदी नागरिक असतील तर तेथें जन्मल्यानें बाळ आपोआप डच नागरिक होत नाहीं. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशीं जन्मलेल्या मुलाला वंशानें हिंदी नागरिकत्व हवें असेल तर त्याचा जन्म आपल्या वकिलातींत एक वर्षाच्या आंत नोंदवावा लागतो, आणि त्याच्याजवळ दुसऱ्या देशाचें पारपत्र नाहीं असें लिहून द्यावें लागतें. हॉलंडांतील आपली वकिलात हेग येथें आहे. नगरपालिकेच्या दाखल्यावरचें नांव व पारपत्राच्या अर्जावरचें नांव अक्षरशः एकच असावें. बारशाच्या दिवशीं आत्याबाईंनीं हौसेनें आणखी एखादें ठेविलें असेल, तर तें त्या अर्जावर चालत नाहीं.